गोड्या पाण्याची भरती

माझ्या सासूबाई सगुणाबाई वडखळजवळच्या मिठागरात उभा जन्म राबल्या. मिठागर बंद पडलं, मामंजी गेले, तरी बाईंचा पाय खाडीवरून निघेना. माझा नवरा दिनानाथ रोह्याच्या वर, कुंडलिकेच्या खोऱ्यातल्या जुन्या वीजघरात कामाला. क्वार्टरही मिळालेली. "आई, आता आमच्याकडेच राहा," असं सांगून सांगून मी थकले. "जिथं पानी चढत-उतरत नाय, तिथं मला करमायचं नाय गो," हे उत्तर ठरलेलं. मला भारी राग यायचा. एकटी बाई, काही झालं तर हाक कोणाला मारणार?

शेवटी चार दिवसांच्या बोलीवर त्यांना आणलं आणि रविवारी सगळे नदीकाठाने वीजघर बघायला निघालो. दोन्ही अंगांनी डोंगर चढत गेलेले. उभ्या कड्यावरून मोठाले पाइप थेट खाली येऊन इंग्रजांच्या काळातल्या दगडी इमारतीत शिरतात. मी रोज बघते ते, पण त्या दिवशी मान वर करून खुळ्यासारखी उभी राहिले.

आमची लेक सुरभी मी नको म्हणत असताना पात्रातल्या दगडांवर उतरली. तेवढ्यात आई ओरडल्या, "पानी आयलं! भरती हाय, वर ये गो!" नातीचा दंड धरून त्यांनी तिला काठावर ओढलं. मघाचे दगड बघता बघता बुडाले.

दिनानाथ हसायला लागला. "आये, इथं कुठला समुद्र? मशीन चालू केली. डोंगरावरचं पानी पाइपातून येतं, वीज करतं नि नदीत सुटतं."

"तरीच. आज अष्टमी, भरती एवढी चढायची नाय," आई पुटपुटल्या. मग वाकून त्यांनी ओंजळ भरली आणि मिठागरात खारेपणा बघायच्या तसं पाणी जिभेला लावलं.

"गोडं हाय गो! एवढं सगळं गोडं?"

"रोजचंच हाय, आये."

त्या मटकन खाली बसल्या. पाणी चढतच होतं, आणि आम्हीही ते जन्मात पहिल्यांदा पाहावं तसं पाहत होतो.

"हा तान्हा व्हता, तवा याला काखंत घेऊन एका हंड्यासाठी दुसऱ्या गावी जायची मी. परतताना रडायचा, पन हंडा सांडंल म्हनून याला पाजायला थांबायची नाय," त्या म्हणाल्या. दिनानाथचं हसू मावळलं.

मग त्यांनी माझा हात धरला. "नम्रता, माझी लुगडी आनायला कवा जायचं गो?"

उद्याच, असं म्हणायचं होतं. पण मला रडूच फुटलं.