माशाच्या पाण्यावरचा पालक

लेक उदगीरला मासळीचं शिकून घरी आली तेव्हा तिच्या बाबांनी तिला एक साल दिलं. एका सालात रानात काही चालवून दाखव, नाही तर मुदखेडच्या स्थळाला हो म्हणायचं. त्यांनी ते दटावून सांगितलं नाही, जेवता जेवता सांगितलं. लेक म्हणाली, "हाव." मी भाकरी टाकत होते. मला कुणी विचारलं नाही आणि मीही बोलले नाही. चार माणसांत माझी जीभ जड होते, लहानपणापासून. चौथीनंतर शाळा सुटली तेव्हा बाई घरी आल्या होत्या, पुढं का येत नाहीस म्हणून विचारायला. त्यांनाही मी उत्तर दिलं नव्हतं.

आमचं रान चाकूरच्या रस्त्याला लागून आहे. बोअरच्या खालच्या अंगाला लेकीनं दोरी धरून जागा आखली. वर हिरव्या जाळीचं शेड, आत जमिनीत खोदलेले दोन हौद, हौदांच्या कडेनं खडी भरलेले वाफे. मोटर हौदातलं पाणी वाफ्यात चढवणार, माशांच्या घाणीवर भाजी वाढणार आणि खडीतून गाळून तेच पाणी पुन्हा हौदात पडणार. तिनं मला हे काडीनं मातीत काढून दाखवलं.

"हौद वर बांधला असता तर? खोदायचं तरी वाचलं असतं," मी म्हटलं.

"आई, मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी कसं होतंय? मासे शिजतील त्यात. जमिनीच्या पोटात थंड राहतंय."

वरची काळी माती आणि खालचा मुरूम मशीननं काढला, पण कडा आम्ही दोघींनी खुरप्यानं तासल्या. काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की भेगाळते, म्हणून कडा उतरत्या ठेवल्या. त्यावर शेततळ्याचा प्लास्टिकचा कागद घालायचा होता. खाली खडा राहिला तर कागद फाटेल, म्हणून घरातल्या फाटक्या गोधड्या आणि माझ्या जुन्या साड्या आधी अंथरल्या. रस्त्यानं जाणाऱ्या बाया थांबून बघायच्या. एक म्हणाली, "मासे गोधडीवर निजणार व्हय गं? आन् उशाला काय देतीस?"

सासरे माळकरी. ते शेडच्या बाहेर बाभळीखाली बसून सगळं बघत.

"पोरी, आपल्या घराण्यात कुणी पाण्यात गळ टाकला न्हाई."

"आबा, गळ कुठं टाकायचाय? व्यापारी जाळं घेऊन येईल आन् जित्तेच घेऊन जाईल."

"म्हणजे पाप व्यापाऱ्याच्या नावावर."

"वाटून घेऊ की. तुमच्या वाट्याला थोडं कमी ठेवते."

सासरे हसले. पण मासळी घरात आणायची नाही आणि रानात कापायची नाही, एवढं त्यांनी कबूल करून घेतलं.

बोटुकली, म्हणजे माशांची बोटभर पिल्लं, पिशव्यांतून आली. लेकीनं पिशव्या तशाच हौदात तरंगत ठेवल्या, दोन्हीकडचं पाणी सारखं होऊ दिलं, मग तोंडं सोडली. खाद्य टाकायचं काम माझ्याकडं आलं. मी कडेला जाऊन उभी राहिले की पिल्लं वर यायची. मला ते आवडायचं. तिथं काही बोलावं लागत नसे.

पालक तर असा आला की मी जन्मात तसा बघितला नव्हता. पान तळहाताएवढं, काळपट हिरवं, कुठं कीड नाही. पहिल्या तोडीचं वरण केलं. सासऱ्यांनी ताट थोडं पुढं सरकवलं आणि म्हणाले, "मला लोणचं दे, भाकरी लोणच्यासंगं खातो." ते रागानं बोलले नव्हते, म्हणून आम्ही कुणीच ते मनावर घेतलं नाही. तेव्हाच घ्यायला हवं होतं.

मासे विकायला आले तोवर श्रावण लागला. व्यापारी फोनवर म्हणाला, "ताई, श्रावण उतरू द्या. आता कोण खातंय?" लेक घाबरली नाही. श्रावणात भाजीला मागणी असते, आधी पालक काढू, मासे मागून, असा तिचा हिशेब. चाकूरच्या बाजारात पहिल्या खेपेला जुड्या बघता बघता गेल्या. येताना तिनं मला भजी खाऊ घातली.

पुढच्या बाजारापर्यंत गोष्ट पसरली होती. एका बाईनं जुडी उचलली, नाकाशी नेली आणि विचारलं, "ही त्या मासळीच्या पाण्यावरची का?"

लेकीनं सगळं समजावून सांगितलं. पाणी गाळून येतं, मासा पानाला शिवत नाही.

"तू शिकलेली हायस माय, तुझं खरं असंल. पर माझ्या सासूचा सोमवार आस्तो. तिला काय सांगू, पालक आंघोळ करून आलाय म्हणू?"

आजूबाजूच्या बाया हसल्या. लेकही हसली. मग म्हणाली, "मावशी, शेणखतावरची भाजी चालती ना तुमच्या सासूला? मग माशाच्या घाणीनं काय केलं?"

"शेण गाईचं आस्तंय बाई."

बाई वाईट नव्हती. तिनं जुडी जागच्या जागी नीट ठेवली, वर पाणीसुद्धा शिंपडलं आणि शेजारच्या पाटीतली मेथी घेऊन गेली.

आम्ही माल लातूरला नेला. आडत्यानं विचारलं, कुठला पालक आहे, इतका भारी? लेकीनं खरं सांगितलं. त्यानं पाटी हातानं बाजूला सारली. परत येताना बसमध्ये मी म्हटलं, "सांगायचं नव्हतं."

"न सांगता किती दिस विकणार? शेड रस्त्यावरून दिसून राहिलंय."

पालक म्हशीपुढं पडू लागला. तो कापावा तर लागेच, नाही तर पाणी साफ होईना. व्यापाऱ्याचं श्रावणानंतर गणपती उठू द्या झालं, मग पितर होऊ द्या, मग नवरात्र. मासे मोठे होत गेले, हौद त्यांना पुरेना. शेवटी तो आला तेव्हा भाव त्याचाच होता. पिंपात माशांच्या शेपट्या आपटत होत्या आणि लेक टेम्पोच्या मागं उभी राहून झाकणं लावत होती.

दिवाळीनंतर, दिलेलं साल सरत आलं तेव्हा, एका दुपारी लेकीचे बाबा बाजेवर बसले होते. मी पाण्याचा तांब्या दिला आणि तिथंच उभी राहिले.

"अजून एक साल द्या तिला," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडं बघितलं. इतक्या वर्षांत मी त्यांच्याकडं काही मागितलं असेल असं मला आठवत नाही.

"मी देतो गं. मी कुठं न्हाई म्हणलो? पर बाजार देतोय का?"

लेक दारातच होती, तिनं ऐकलं होतं.

"बाबा, मुदखेडला फोन करा. फक्त मी काय शिकले ते आधी सांगा त्यांना. मागून बोलणं नको."

"सांगितलंय. त्यांना चालतंय. तिथं मासळीचं काही करायचं न्हाई, एवढंच म्हणले."

"न्हाई करणार," ती म्हणाली.

संध्याकाळी शोधत गेले तर ती शेडमध्ये वाफ्यातली खडी घमेल्यात काढून धूत होती. मी म्हटलं, "आता कशाला धुतीस? काय लावायचंय त्यात?"

"लावायचं काही न्हाई, आई. वास राहतोय. मुदखेडची माणसं येतील, रान बघायचं म्हणतील."

मी पदर खोचला आणि दुसरं घमेलं घेतलं.