सरावाची मुलाखत

कॉलेजात भरतीला पहिली आली ती जालन्याचीच सळईची कंपनी, पुढच्या आठवड्यात पुण्याची. मी फॉर्म दोन्हींचे भरले. जालन्याचा निव्वळ सराव म्हणून. डोंबलाचा सराव! साहेबांनी एवढंच विचारलं, "परतूरहून रोज येणं जमंल?" मी तोऱ्यात म्हणालो, "बिलकुल." झाली निवड.

मंग सर म्हणाले, "आता तुला दुसऱ्या कंपनीला बसता येणार न्हाई. नियम आहे." हे आधी सांगायला काय झाल्तं? तोवर घरी वडलांनी गल्लीभर पेढे वाटले होते.

पुण्याची कंपनी आली तेव्हा सरांनी मलाच दारात उभं केलं, मुलाखतीसाठी नावं पुकारायला. यादीत माझ्या नावावर लाल रेघ होती. मी मोठ्यानं त्याच्या खालचं नाव पुकारलं.