पोपटाचं शेवटचं पाकीट

सिंदी मेघेचे बंडूजी तीस वर्षं मसाला कुटत आले. दुकानदारांकडे पाकिटं टाकायची आणि परत फिरायचं. गिऱ्हाइकांनी त्यांचं तोंड कधी पाहिलं नाही. पाहिला तो पाकिटावरचा पोपट. लाल चोचीचा, मानेत जरा वाकडा. त्यांच्या बायकोने, यशोदाबाईंनी, रांगोळीच्या सवयीने तो पहिल्यांदा कागदावर काढला होता, आणि तोच छापत गेले.

यंदा मुलगा अंकित पुण्याहून नवी पाकिटं छापून घेऊन आला. पांढरीफेक, कोपऱ्यात बारीक काळं नाव. पाकिटावर जितकं कमी तितका माल भारी वाटतो, असं त्याने समजावलं आणि जुनी पाकिटं भंगारात देऊन टाकली. बंडूजींच्या मनाला ते लागलं. पण शिकलेल्या मुलापुढे बोलणार काय?

दोन महिन्यांत माल परत येऊ लागला. लोक याला नकली म्हणतात, असं दुकानदार सांगत. दुकानात आलेल्या एका गिऱ्हाइकाने तर पोपटवाला मेला काय, असं त्यांनाच विचारलं. कुटायला येणाऱ्या दोघी बायांना बंडूजींनी घरी बसायला सांगितलं. शेवटी ते स्वतःच वडनेरच्या बाजारात पांढऱ्या पाकिटांचा ढीग मांडून बसले. स्वयंपाकघरात पोपटाचं एकच भरलेलं पाकीट उरलं होतं, तेही पुराव्याला सोबत आणलं.

अनुसयाबाई नावाची म्हातारी थांबली. वर्षानुवर्षं तिच्या घरी हाच मसाला. पांढरं पाकीट तिने उलटंपालटं करून ठेवून दिलं आणि पोपटाकडे बोट केलं.

"हे द्या."

"ते विकाचं नाई, बाई. दाखवाले आणलं. आतला माल एकच हाय. पोपटवाला मीच."

"असली दाखवता आन नकली विकता जी?" ती शेजारच्या बायांकडे पाहून हसली. "मस्त धंदा हाय."

बायाही हसल्या. बंडूजींनी पांढरं पाकीट फोडलं, तळहातावर मसाला घेऊन पुढे केला. तिने वास घेतला. वास काय, कोणालाही आणता येतो म्हणाली. तळहात तसाच राहिला. मग त्यांनी तो झटकला, पोपटाचं पाकीट उचललं आणि तिच्या पिशवीत टाकलं.

बाजार उठेपर्यंत ते ढिगामागे बसून होते. आता दाखवायलाही काही नव्हतं.

घरी यशोदाबाईंनी विचारलं, काही खपलं काय?

"एक," बंडूजी म्हणाले. "तुया पोपटाचं."