भाईच्या डोळ्यातली रेव

माझो मोठो भाव गणपत. सगळे तेका भाई म्हणत. आचऱ्याक रापण, म्हणजे मोठा जाळा, किनाऱ्यार ओढूक पुढे तोच आसायचो. गेल्या म्हयन्यात झोपेत गेलो. माका लिवूक येणा नाय, बोलतंय तसा घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपार टाकतंय.

दोन वर्सापूर्वी तेच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदूचा ऑपरेशन झाला. दिसूक लागला बरा, पण डोळो सुको पडलो. जळजळ, खुपणा. डॉक्टर म्हणाले, "आत काही नाहीये, कोरडेपणा आहे. दिवसातून सहा वेळा थेंब घाला, हात लावू नका."

भाई माझ्यार वरडलो, "रेव आसा आत! तो डॉक्टर माका शिकवता रेव काय ती?"

रापणीत वाळू डोळ्यात गेली की बाजूचो गडी जिभेच्या टोकान काढता. माझ्या डोळ्यातली भाईनच काढल्यान, ल्हानपणापासून.

"बाळा, काढ," भाई म्हणालो.

"डॉक्टरान नको म्हटल्यान."

भरलेला ताट माझ्या थोबाडार इला. मग आरसो फोडल्यान. थेंबाची बाटली चुलीत टाकल्यान. सावित्री वयनी दुसरी घेवन गेली, तर तिचो हात असो पिरगाळल्यान की मनगट सुजला. शेवटी मी छातीर गुडघो ठेवन थेंब घालूक लागलंय. रोज सहा वेळा मारामारी. तेच्या दातांचे वण अजून माझ्या दंडार आसत.

एक दिवस वेळेर, दर्याच्या काठार, आमी दोघेच होतो. तेना वल्ह्यान माझ्या तोंडार मारल्यान. दात तुटलो.

"भावाची किळस येता? तुझी काढलंय ती काय खडीसाखर होती रे, रांडेच्या?"

माझा डोक्या फिरला. रक्त थुकलंय, तसोच तेचे केस धरलंय नी डोळ्याक जीभ लावलंय. आत काय एक नव्हता.

"गेली?"

"गेली," मी म्हटलंय.

तो हसलो. माका पोटाशी धरल्यान.

तिसऱ्या दिवशी डोळ्यात पू. डोळो काढूचो लागलो. डॉक्टरांनी इचारला, "काय केलंत डोळ्याला?" मी तोंड उघडूच्या आधी भाई म्हणालो, "मी चोळला, साहेब." नी माझो हात असो दाबल्यान की हाडा वाजली.

त्या दिसापासून तेना कोणार हात उगारूक नाय. वयनी रोज तेका घालून पाडून बोलायची, "सोताच्या हातान डोळो घालवलात!" तो मान खाली घालून जेवायचो. मी समोर बसान तेच्यावांगडा जेवायचंय.

वयनी, तेना चोळूक नाय.