स्वेटरच्या आतली बाटली

विकास नगरहून निघालेल्या टेम्पोत हिवाळ्यात लोक अगदी चिकटून बसायचे. त्या सकाळी मात्र मी कुणाला खेटू दिलं नाही. माझ्या स्वेटरच्या आत, छातीशी, रुंद तोंडाची एक बाटली होती आणि तिच्यात ह्यांचं वीर्य. तासाभरात प्रयोगशाळेत पोचवायचं, तोवर अंगाच्या उबेत ठेवायचं, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. मूल न होणाऱ्या पुरुषांवर त्यांचं संशोधन चाललेलं. पण आमचे हे पडले बँकेतले साहेब, तिथं जाऊन बाटली भरली तर इभ्रत जाते म्हणे! मग वाहा बायकोनं.

लग्नाला सहा वर्षं झाली होती, तीही ह्यांच्या बदल्यांमागे उत्तरेत फिरण्यात. दोष माझाच, हे सासूबाईंनी अकोल्यात बसून केव्हाच ठरवलेलं. निदान खरं काय ते कळेल, एवढीच माझी आशा होती.

रिपोर्ट आला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "भाभीजी, भाईसाहब तो बिल्कुल ठीक हैं."

म्हणजे मीच! दुर्बिणीच्या ऑपरेशनची तारीख मिळाली. संशोधनाच्या नियमाप्रमाणे तीन महिन्यांनी ह्यांचा नमुना पुन्हा द्यायचा होता, तो दिवस नेमका ऑपरेशनच्या आठवड्यात आला.

त्या तीन महिन्यांत घरात काहीतरी बिघडलं होतं. धाकटे दीर परीक्षांच्या अभ्यासासाठी आमच्याकडेच राहायचे. एरवी "वहिनी, अजून एक पोळी" म्हणून हट्ट करणारे भावजी आता खाली मान घालून जेवत आणि ताट उचलून निघून जात. मी विचारलं तर हे म्हणायचे, "अभ्यासाचं टेन्शन, यार. तू कशाला लक्ष देतेस?"

ठरलेल्या सकाळी भावजी आंघोळ करून माझ्याकडे न बघता बाहेर पडले. मी ह्यांच्यासाठी गरम पाण्याची बादली घेऊन न्हाणीघरात गेले. खिडकीत बाटली होती. भरलेली. हात लावला तर अजून कोमट.

आणि हे गॅलरीत, तोंडाला साबण फासून, आरामात दाढी करत होते.

हे अजून न्हाणीघरात गेलेच नव्हते. मी बाटली मोरीत रिकामी केली, विसळली आणि ह्यांच्या आरशासमोर ठेवली.

"आता तुमचं द्या."

हे पांढरेफटक पडले. ब्रश खाली ठेवला. मग हळूच म्हणाले, "माझ्या वीर्यात बीजच नाही. कानपूरला असताना तपासून घेतलं होतं."

म्हणजे चार वर्षांपूर्वी! चार वर्षं मी कडू काढे प्याले, सासूबाईंची बोलणी खाल्ली, आणि ह्या माणसाला सगळं ठाऊक होतं.

"आणि परवा माझं पोट फाडू दिलं असतंत?" मी ओरडलेच.

"अगं, फाडतात कुठं? दोन टाके तर पडतात. काही सापडलं नसतं, तू घरी आली असतीस."

ऑपरेशनचा संमतीचा कागद फ्रीजवर होता. त्यावर पतीची सही झालेली होती, बँकेतल्यासारखीच, झोकदार. खाली माझी जागा रिकामी होती. ती तशीच ठेवून मी तो कागद डॉक्टरीणबाईंना परत नेऊन दिला, आणि का ते सांगितलं.