लिगायाच्या निरोपाचं अंडं

तर काल अंडं सोलण्यापर्यंत आलो होतो, नाही का? मंत्र म्हणणारा मी, म्हणून सोलणाराही मीच. माणूस लांबच्या वाटेला लागलं की आम्हा लाओ लोकांत त्याच्या अंगातले बत्तीसच्या बत्तीस जीव हाका मारून गोळा करायचे, मनगटाला पांढरे दोरे बांधायचे आणि उकडलेलं अंडं सोलून शकुन बघायचा. गुळगुळीत निघालं तर खुशाल निघा. खळगा निघाला तर मुक्काम वाढवा.

निघायची होती लिगाया. फिलिपिन्सची पोर. कोंबड्यांना लस टोचायला स्वयंसेवक म्हणून आमच्या गावी आली आणि सहा वर्षं सेंगदाव म्हातारीच्या घरी राहून तिची लेकच होऊन बसली. तिकडे धाकट्या बहिणीनं हिच्यासाठी दोनदा लग्न पुढं ढकललेलं. या खेपेला नवरदेव थांबणार नव्हता. दुपारची बस चुकली की विमान चुकणार, आणि लग्नही.

मी अंडं सोललं. बुडाला हा एवढा खळगा, अंगठा मावेल! दुसरं सोललं, तेही तसंच.

"झालं! जीव निघायला तयार नाहीत पोरीचे," सेंगदाव म्हणाली. तोंड पाडलं होतं खरं, पण डोळे हसत होते.

शकुन मोडून जावं तर सगळ्या गावाचा जीव टांगणीला, राहावं तर बहिणीचा. लिगायानं खळगा निरखून पाहिला आणि म्हणाली, "आजी, तुमची अंड्यांची टोपली आणा बरं. आणि पातेलंभर पाणी."

टोपलीतली कच्ची अंडी पाण्यात सोडली. एकूण एक वर आली, बदकांसारखी तरंगायला लागली. तरंगतं ते शिळं, शिळ्याच्या बुडाशी पोकळी वाढते, हे गावाला शिकवलं कुणी? हिनंच की!

"काय गं सेंगदाव, कधीपासून साठवतेस?" मी विचारलं.

"हिनं तिकीट काढलं तेव्हापासून," म्हातारी फणकारली. "सहा वर्षं शिळी अंडी फेकायला लावली. म्हटलं, एकदा तरी उपयोगी पडू देत!"

हसता हसता मी मंत्रच विसरलो. मग खुराड्यातून ऊब असलेलं ताजं अंडं आणून उकडलं. ताज्याचं कवच कुठलं धड सुटतंय! निम्मं पांढरं माझ्या नखांत. पण खळगा नव्हता. मी उंच धरून सगळ्यांना दाखवलं.

पहिला दोरा घरधनिणीचा. सेंगदावनं गाठीवर गाठ मारली आणि मनगट धरूनच ठेवलं.

"परत कधी येशील ते सांग, मग सोडते."

आम्हाला वाटलं, पोर काहीतरी गोड खोटं बोलून सुटेल. पण लिगाया म्हणाली, "येईन असं खोटं नाही सांगणार, आजी. तुम्हीच या. आमच्या दाराशी समुद्र आहे आणि तुमची भाषा कुणालाच येत नाही. पहिलं वर्ष रडाल, दुसऱ्या वर्षी माझ्या आईशी भांडायला लागाल, आणि मग तुमचाही तिथून पाय निघायचा नाही."