प्रेक्षकांकडे पाठ

पडदा वर जातो. डेन्मार्कच्या ऑरहूस शहरातल्या एका इमारतीचं मागचं अंगण. सायकलींच्या छपराखाली, आत शिरताच दार पडेल असा उघडा पिंजरा, त्यात माशाचा तुकडा. पलीकडे एक लंगडतं भटकं मांजर. आज ते आत शिरलं नाही, तर जखम चिघळून पाय गमावणार. म्हातारा नट एस्बेन गुडघे टेकून, हात पसरून, भरल्या गळ्यानं विनवत होता. मांजर आणखी मागे सरकलं.

"प्रेक्षकही असेच उठून जायचे तुझे," खिडकीतून बिर्टे म्हणाली. तिनं चाळीस वर्षं विंगेतून त्याला संवाद पुरवले होते. "गप्प बस आणि पाठ फिरव!"

"प्रेक्षकांकडे पाठ? जन्मात नाही फिरवली!"

शेवटी फिरवली. थोड्या वेळानं मागे पिंजऱ्याचं दार खटकन पडलं.

"बिर्टे," एस्बेन म्हणाला, "हे चाळीस वर्षांपूर्वीच का नाही गं सांगितलंस?"